दुसरा मॉनिटर जोडला आणि गेम अडखळू लागला

घरचा संगणक : लेखांक ६

मागच्या लेखांकात ग्राफिक कार्डाची ताकद आणि मॉनिटरचं रेझोल्यूशन यांचा मेळ कसा बसवायचा, ते पाहिलं. आता त्याच्या पुढची तक्रार. गेमसाठी १४४ हर्ट्झचा नवा मॉनिटर आणला, जुना ६० हर्ट्झचा टाकवेना म्हणून शेजारी ठेवला, त्यावर व्हिडिओ किंवा मित्रांशी गप्पांची खिडकी लावली. तेव्हापासून मुख्य मॉनिटरवरचा गेम अडकतो. जुन्याची वायर काढली की तोच गेम त्याच सेटिंगवर सुरळीत चालतो. अशा वेळी सहसा पहिला सल्ला मिळतो तो नवं कार्ड घेण्याचा. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्यांनी वर्षभर साठवलेले पैसे त्यात घालण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्यावी.

आधी हिशेब करू. फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. एका ठिपक्याला ४ बाइट धरले, तर पूर्ण चित्राला आठ मेगाबाइटच्या जरा वर जागा लागते. ते सेकंदाला ६० वेळा मॉनिटरकडे पाठवायचं म्हणजे साधारण अर्धा गिगाबाइट. आता आरटीएक्स ३०६०चं १२ गिगाबाइटचं कार्ड घ्या. त्याची मेमरी सेकंदाला ३६० गिगाबाइट हलवू शकते. तेव्हा दुसऱ्या मॉनिटरवर नुसता डेस्कटॉप दाखवणं हे ओझं म्हणण्यासारखंही नाही. एकच गेम तीन मॉनिटरांवर पसरून खेळायचा असेल, तर गोष्ट निराळी. एएमडीने २००९मध्ये आयफिनिटी आणलं तेव्हापासून ती हौस घरगुती संगणकावर भागवता येते, पण तिथे कार्डाला दर फ्रेमला ६२ लाख ठिपके खरोखर रंगवावे लागतात. त्याला ताकदच हवी. आजचा विषय तो नाही.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. गेम जिथे हमखास अडकतो तिथे जा, विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबा आणि ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडा. दुसरा मॉनिटर बंद होईल. तरीही गेम अडकत असेल, तर दुसऱ्या मॉनिटरला दोष देऊ नका, कारण दुसरीकडे शोधा. अडकणं थांबलं, तर तो पुन्हा सुरू करा, पण त्यावर काहीही उघडू नका. मग ब्राउझर, मग व्हिडिओ, मग गप्पांचं ॲप, असं एकेक उघडत जा. कोणत्या पायरीवर बिघडतं, हे कळलं की अर्धं काम झालं.

याच वेळी नेमकं काय बिघडतं तेही नीट बघून घ्या. कधी फ्रेमची संख्याच घटते, कोपऱ्यातला आकडा १२०वरून ७०वर येतो. कधी आकडा १२०च राहतो, पण मधली एखादी फ्रेम आठ मिलिसेकंदांऐवजी चाळीस घेते आणि डोळ्याला झटका जाणवतो. सरासरीत हा झटका दिसत नाही, म्हणून निव्वळ आकड्यावर विसंबू नये. कधी चित्र गुळगुळीत असतं, पण माऊस हलवल्यावर नेम उशिरा सरकतो. आणि चौथा प्रकार इंटरनेटचा. त्यात मॉनिटरचा काही संबंध नाही.

आता कॅबिनेटच्या मागे जा. ज्यांची वायर मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असते, असे लोक मला वाटलं त्याहून कितीतरी जास्त निघाले. मागच्या बाजूला वर यूएसबीच्या शेजारी असलेले पोर्ट मदरबोर्डचे. त्याखाली वेगळ्या पट्टीवर असलेले ग्राफिक कार्डाचे. मुख्य मॉनिटर वरच्या पोर्टला असेल, तर गेम कार्डावर रंगतो आणि मग प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडे त्याची नक्कल जाते. ही नक्कल दर फ्रेमला वेळ खाते. दोन्ही वायरी कार्डाला लावा. लॅपटॉपमध्ये तर अनेकदा आतला पडदा छोट्या ग्राफिक्सकडून चालतो आणि बाहेरचं एचडीएमआय पोर्ट थेट कार्डाला जोडलेलं असतं. मक्स स्विच असलेल्या लॅपटॉपमध्ये हा मार्ग बदलता येतो. यूएसबीला लावायचे डिस्प्लेलिंकचे ॲडॅप्टर मात्र गेमच्या संगणकावर नकोच. ते चित्र दाबून यूएसबीतून पाठवतात आणि त्या कामात प्रोसेसर अडकतो.

वायरीचंही तसंच. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन स्वस्तात घेतलेली एचडीएमआय वायर चालते, म्हणजे चित्र येतं. पण ती आणि मॉनिटरचं पोर्ट किती वेग पेलतात, हा वेगळा प्रश्न आहे. एचडीएमआय १.४वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, आणि मग साधा माऊसही जड वाटतो. शिवाय १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडला तरी विंडोज त्याला बऱ्याचदा ६०वरच ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जाऊन तिथे कोणता आकडा लिहिला आहे, तो बघा.

इथवर सगळं ठीक असेल, तर खरं कारण बहुधा दोन मॉनिटरांच्या वेगवेगळ्या गतींत असतं. विंडोजवर खिडक्यांची चित्रं परस्पर मॉनिटरवर जात नाहीत. डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाचा भाग ती गोळा करून एक चित्र बनवतो. हा भाग २००७मध्ये व्हिस्टाबरोबर आला, आणि २०१२च्या विंडोज ८पासून तो बंद करण्याची सोय राहिली नाही. त्याच्यापुढे आता एक मॉनिटर १४४चा आणि एक ६०चा. हे प्रमाण १२ला ५ असं पडतं. एका हाताने बारा मात्रा आणि दुसऱ्याने त्याच वेळात पाच मात्रा मोजून पाहा, समेपर्यंत दोन्ही हात कुठेच जुळत नाहीत. पूर्वी विंडोज यात सरळ हार मानायचं: ६०च्या मॉनिटरवर व्हिडिओ सुरू झाला की १४४च्या मॉनिटरवरचं चित्रही मंद व्हायचं. मे २०२०च्या विंडोज १०च्या अपडेटनंतर यात खूप सुधारणा झाली. त्यामुळे जुनी आवृत्ती वापरत असाल, तर सगळ्यात आधी ती बदला. विंडोज १०चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे.

नवी आवृत्ती असूनही झटके राहत असतील, तर मुख्य मॉनिटर १४४ऐवजी १२०वर ठेवून बघा. आता प्रमाण सरळ दुप्पट झालं. यात तुम्ही गमावता किती? १४४ला एक फ्रेम ६.९४ मिलिसेकंद टिकते, १२०ला ८.३३. दीड मिलिसेकंदही नाही. सम लय मिळत असेल, तर हा सौदा मी केव्हाही करेन.

मधल्या गोळाबेरजेतून गेमला सोडवणं हा दुसरा मार्ग. एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये गेम थेट मॉनिटरचा ताबा घेतो. म्हणून दोन मॉनिटरवाल्यांना हा पर्याय सुचवला जातो. पण दुसऱ्या मॉनिटरवर क्लिक केलं की गेम खाली जातो, आणि म्हणून लोक बॉर्डरलेस खिडकीकडे वळतात. बॉर्डरलेस आता पूर्वीइतकी वाईट नाही. फ्लिप नावाच्या पद्धतीने चालणाऱ्या गेमचं चित्र बॉर्डरलेसमध्येही विंडोज थेट पाठवू शकतं. विंडोज ११मध्ये ‘ऑप्टिमायझेशन्स फॉर विंडोड गेम्स’ हे सेटिंग सुरू केलं की डायरेक्टएक्स १० आणि ११वरचे बरेच जुने गेमही या वाटेला लागतात. अंदाज करत बसण्यापेक्षा इंटेलचं प्रेझेंटमॉन हे मोफत साधन घ्या. गेम चालू असताना ते ‘इंडिपेंडंट फ्लिप’ दाखवत असेल, तर चित्र थेट जातंय. ‘कंपोज्ड’ दाखवत असेल, तर मधला थांबा अजून आहे.

आता दुसऱ्या मॉनिटरवरचा व्हिडिओ. तो उलगडण्यासाठी कार्डात वेगळा भाग असतो, म्हणून तो फुकट पडतो असा समज आहे. पण उलगडलेलं चित्र खिडकीत बसवण्याचं काम कार्डाच्या त्याच भागाकडे येतं, जो गेम रंगवत असतो. गेमने कार्ड ९९ टक्के व्यापलं असेल, तर ब्राउझर आणि गेम दोघेही एकमेकांची वाट बघतात. यावरचा माझा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा घालणं. १४४च्या मॉनिटरला १४०च्या आत, आणि कार्डाला तेही झेपत नसेल तर आणखी खाली. कार्डाला थोडा श्वास मिळाला की झटकेही कमी होतात आणि माऊसचा उशीरही, कारण रंगवायच्या फ्रेमची रांग साचत नाही. ब्राउझरमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करण्याचा सल्ला सरसकट देऊ नये. मग ते काम प्रोसेसरवर पडतं, आणि चार कोरचा जुना प्रोसेसर असेल तर गेम आणखी बिघडतो. हलते वॉलपेपर मात्र बिनधास्त काढून टाका. जी-सिंक वापरत असाल तर ते फक्त फुलस्क्रीनपुरतं ठेवून फरक पडतो का, तेही पाहा. रजिस्ट्रीत बदल करून मल्टिप्लेन ओव्हरले बंद करणं हा उपाय चित्र लुकलुकतं किंवा क्षणभर काळं होतं अशांसाठी आहे. तसं काही होत नसेल, तर रजिस्ट्रीला हात लावू नका.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेगवेगळ्या गतीचे दोन मॉनिटर जोडले की काही कार्डं रिकामी बसलेली असतानाही मेमरीचा वेग खाली आणत नाहीत, त्यामुळे कार्ड तापलेलंच राहतं. बाहेर ४४ अंश आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल, तर गेम अर्धा तास छान चालून मग मंदावतो. अशा वेळी सेटिंग शोधत बसू नका; कॅबिनेट बाहेर काढा, पंख्यांची धूळ साफ करा.

कार्ड खरोखर बदलायची वेळ कधी येते? टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू उघडा आणि डेडिकेटेड मेमरीचा आकडा पाहा. चार गिगाबाइटचं कार्ड असेल, तर ब्राउझर आणि इतर खिडक्याच त्यातले काहीशे मेगाबाइट घेतात. गेम चालू असताना ही मेमरी काठोकाठ भरत असेल आणि टेक्श्चरचा दर्जा उतरवूनही रिकामी होत नसेल, तर मात्र जास्त मेमरीचं कार्ड घ्या. तो खर्च योग्य आहे.

पुढच्या लेखांकात इंटरनेटमुळे होणारा उशीर घेऊ. तोवर राउटरपासून तुमच्या संगणकापर्यंत वायर येते की वायफाय, आणि मधे भिंती किती, एवढं पाहून ठेवा.