विश्लेषण : शेतात टाकलेले गंधक पिकाला मिळते कसे? मातीतले जिवाणू नेमके काय करतात?

खरीप जवळ आला की हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील शेतकऱ्यांची खतांची खरेदी सुरू होते. युरिया आणि डीएपीबरोबर अलीकडे गंधकाची पिशवीही घेतली जाते. सोयाबीन आणि हळद ही जिल्ह्याची प्रमुख पिके. दोन्हींना गंधक लागते. मात्र पिशवीतले पिवळे गंधक पीक जसेच्या तसे घेऊ शकत नाही. मातीतले जिवाणू आधी त्याचे रूप बदलतात, तेव्हाच ते मुळांच्या उपयोगी पडते. या जिवाणूंना ओल, हवा आणि वेळ मिळाला नाही, तर खतावरचा खर्च त्या हंगामापुरता मातीत पडून राहतो.

पिकाला गंधक कशासाठी लागते?

नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्यानंतर गंधकाला चौथे महत्त्वाचे अन्नद्रव्य मानले जाते. सिस्टीन आणि मिथिओनिन ही दोन अमिनो आम्ले गंधकाशिवाय तयार होत नाहीत, आणि त्यांच्याविना प्रथिने बनत नाहीत. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. गंधक कमी पडले की दोन्हींना फटका बसतो. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधणारे जे विकर असते, त्याच्या रचनेतही लोह आणि गंधक असते. म्हणजे गंधक कमी पडले, तर पिकाला नत्रही कमी मिळते.

जमिनीत गंधक असूनही ते कमी का पडते?

मातीतील बहुतांश गंधक सेंद्रिय स्वरूपात असते. काडीकचरा, शेणखत, मेलेली मुळे आणि मेलेले जिवाणू यांत ते अडकलेले असते. मुळे मात्र गंधक प्रामुख्याने सल्फेटच्या रूपातच शोषतात. सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जिवाणू आणि बुरशी हे गंधक मोकळे करतात. शेणखत कमी झाले, सेंद्रिय कर्ब घटला की हा पुरवठा मंदावतो. त्यात सल्फेट पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे जोरदार पावसात ते मुळांच्या खाली वाहून जाते.

खतांच्या निवडीचाही यात वाटा आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक असते. डीएपीमध्ये गंधक जवळपास नसते. सुपर फॉस्फेटची जागा डीएपीने घेतली, तिथे स्फुरदासोबत आपोआप मिळणारे गंधक बंद झाले.

जिवाणू गंधकाचे काय करतात?

मातीत हवा आणि ओल असेल, तर थायोबॅसिलस गटातील जिवाणू मूलद्रव्य स्वरूपातील गंधकाचा ऑक्सिजनशी संयोग घडवतात. त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते जगतात. या प्रक्रियेत सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि पिकाला सल्फेट मिळते. खनिज पदार्थांवर जगणारे असे जिवाणू असतात, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८८७ च्या सुमारास गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंच्याच अभ्यासातून दाखवून दिले.

शेतात पाणी साचले की चित्र उलटते. मातीतला ऑक्सिजन संपतो आणि डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरू लागतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू तयार होतो. नाल्यातल्या काळ्या गाळाचा वास याच वायूचा. बंद गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये तो जीवघेणा ठरतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते, त्यामुळे वास आला नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये.

समुद्र आणि ढगांचा संबंध काय?

गंधकाचे हे चक्र शेताच्या बांधावर थांबत नाही. समुद्रातील सूक्ष्म शैवालात तयार होणाऱ्या एका संयुगापासून डायमिथाइल सल्फाइड हा वायू बनतो. हवेत त्याचे रूपांतर सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत होते. अशा कणांवर बाष्प साचून ढगांचे थेंब बनतात आणि पावसाबरोबर थोडे गंधक जमिनीवर परत येते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या वायूचा अभ्यास केला आहे.

गंधकाने शेताचा सामू उतरतो का?

आम्ल तयार होते, म्हणून थोडे गंधक टाकले की जमिनीचा सामू उतरेल, असा समज आहे. त्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. एक हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण २० लाख किलो माती असते. तीत ५ टक्के चुनखडी धरली, तर ती १ लाख किलो होते. १ किलो गंधकापासून तयार होणारे आम्ल सुमारे ३.१ किलो चुनखडी संपवते. म्हणजे सगळी चुनखडी संपवायला ३२ हजार किलो गंधक लागेल. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत २०-३० किलोंचा परिणाम खताच्या कणांभोवतीच दिसतो. तिथे लोह, जस्त थोडे मोकळे होते. पूर्ण शेताचा सामू बदलत नाही.

मग शेतकऱ्यांनी काय पाहावे?

सोयाबीनसाठी हेक्टरी साधारण २० किलो गंधकाची शिफारस केली जाते. ६० किलो स्फुरद पूर्णपणे सुपर फॉस्फेटमधून द्यायचे, तर ३७५ किलो खत लागते आणि त्यातूनच सुमारे ४१ किलो गंधक मिळते. तेव्हा वेगळी पिशवी घेण्याची गरज उरत नाही.

कोणते गंधक कुठे टाकायचे, हेही महत्त्वाचे. ९० टक्के बेंटोनाइट गंधक मूलद्रव्य स्वरूपात असते आणि त्याचे सल्फेट होण्यास काही आठवडे ते महिने लागतात. पेरणीआधी महिनाभर टाकावे म्हटले, तरी मे महिन्यातल्या कोरड्या मातीत जिवाणू काम करत नाहीत. त्यामुळे सुमारे १०० दिवसांच्या कोरडवाहू सोयाबीनला सुपर फॉस्फेट, अमोनियम सल्फेट किंवा जिप्सम यांतील तयार सल्फेट अधिक सोयीचे. हळद आठ-नऊ महिने शेतात असते आणि तिला पाणी मिळत राहते. तिथे शेणखतात मिसळून दिलेले बेंटोनाइट गंधक हळूहळू लागू पडते.

पीक पिवळे पडले म्हणजे गंधकच कमी, असेही नाही. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. गंधक कमी असेल तर वरची कोवळी पाने सगळीकडून फिकी पडतात. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला, तर ती बहुधा लोहाची कमतरता असते.

खात्री मात्र माती परीक्षणानेच होते. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांमध्ये गंधकाचाही समावेश आहे. उपलब्ध गंधक किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर साधारणपणे कमतरता मानली जाते. पिशवी विकत घेण्याआधी पत्रिकेतील हा आकडा आणि त्याच्याजवळच छापलेला सेंद्रिय कर्बाचा आकडा, दोन्ही पाहायला हवेत.