जुन्या भिंगांसाठी मिररलेस कॅमेऱ्याची निवड

मिररलेस कॅमेरा म्हणजे भिंग (लेन्स) बदलता येणारा, परंतु भिंग व संवेदक (सेन्सर) यांच्यामध्ये आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा. मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीचा पहिला कॅमेरा, पॅनासॉनिक जी१, २००८ मध्ये आला. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ × २४ मिमीचा संवेदक असलेले सोनीचे ए७ व ए७आर २०१३ मध्ये आले. आरसा नसल्यामुळे या कॅमेऱ्यांवर फिल्मच्या काळातील बहुतेक भिंगे अडॅप्टरच्या साहाय्याने वापरता येतात. अमरावती, अकोला यांसारख्या शहरांतील जुन्या स्टुडिओंत आणि हौशी छायाचित्रकारांच्या घरी अशी भिंगे आजही आढळतात. ती बहुधा मोडीच्या भावाने विकली जातात. काच निर्दोष असेल तर तसे करण्याचे कारण नाही.

माउंट व अंतर

भिंगाच्या बसणीपासून (माउंट) संवेदकापर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. निकॉन एफ या बसणीसाठी ते ४६.५ मिमी, एम४२ या आट्याच्या बसणीसाठी सुमारे ४५.५ मिमी, तर कॅनन एफडीसाठी ४२ मिमी आहे. आरसा असलेल्या निकॉन कॅमेऱ्यावर कॅनन एफडी भिंग लावले, तर ते संवेदकापासून गरजेपेक्षा दूर राहते. जवळचे फूल स्पष्ट येते. दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होत नाही. मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर फार कमी असते : निकॉन झेड १६, सोनी ई १८, कॅनन आरएफ २० मिमी. उरलेली जागा पोकळ नळीसारखा अडॅप्टर भरून काढतो. सोनीवर एफडी भिंग लावण्यासाठी ती नळी ४२ वजा १८, म्हणजे २४ मिमी लांबीची हवी. तिच्यात काच नसते, त्यामुळे प्रतिमेच्या दर्जात फरक पडत नाही. मात्र स्वस्त अडॅप्टर किंचित तिरपा असल्यास चित्राची एकच बाजू अस्पष्ट येते आणि दोष विनाकारण भिंगाला दिला जातो.

यासिका इलेक्ट्रो ३५ किंवा यासिका मॅट या कॅमेऱ्यांची भिंगे कॅमेऱ्यातच पक्की बसवलेली असतात. ती काढून दुसरीकडे लावता येत नाहीत. भिंगावर अपर्चरचे कडे आहे की नाही, हेही आधी पाहावे. निकॉनच्या ‘जी’ भिंगांवर ते नसते, तर कॅनन ईएफ भिंगांचे अपर्चर विजेवर चालते व त्यांना विद्युत्-संपर्क असलेला अडॅप्टर लागतो. लग्नाचे छायाचित्रण करणाऱ्यांकडील निकॉन ५० मिमी एफ१.८डी हे भिंग निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर उत्तम चालते, परंतु फोकस हातानेच करावा लागतो, कारण भिंगाचा स्क्रू फिरवणारी मोटर त्या अडॅप्टरमध्ये नाही.

संवेदकाचा आकार

खर्चाचा प्रश्न खरा येथे येतो. एपीएस-सी आकाराच्या संवेदकावर भिंगाच्या प्रतिमेचा मधला भागच पडतो. निकॉन, सोनी, फुजी यांच्या अशा कॅमेऱ्यांवर दृश्याची रुंदी सुमारे दीडपट आखडते. मायक्रो फोर थर्ड्सवर ती निम्मी होते. २०० मिमीचे भिंग दीडपटीच्या हिशेबाने ३०० मिमीसारखे दृश्य देते, ही पाखरे टिपणाऱ्याची सोय. पण २८ मिमीचे विशालकोनी भिंग ४२ मिमीसारखे होते आणि त्याचे प्रयोजनच संपते. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात छतावरील शिल्पपट टिपताना मागे सरकायला जागा नसते. तेथे पूर्ण आकाराच्या संवेदकाला पर्याय नाही. ज्याच्याजवळ ५० व १३५ मिमी एवढीच भिंगे आहेत, त्याने हा जादा खर्च करू नये.

अशा अंधाऱ्या सभामंडपात कॅमेऱ्यातील कंपनरोधक यंत्रणाही मोलाची ठरते. पूर्ण आकाराच्या संवेदकाच्या मिररलेस कॅमेऱ्यांत ती प्रथम सोनी ए७ II मध्ये (२०१४) आली. जुने भिंग आपली नाभीय लांबी कॅमेऱ्याला कळवू शकत नाही. ती स्वतः भरावी लागते. ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्यायही चालू करावा लागतो, नाहीतर काही कॅमेरे छायाचित्रच घेत नाहीत.

फोकससाठी कडा रंगवून दाखवण्याची सोय (पीकिंग) आकर्षक वाटते, पण एफ१.४ वर ती फसवी असते. दृश्याचा तुकडा मोठा करून पाहणे अधिक खात्रीचे. मेळघाटात रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्यासाठी मात्र तेवढा वेळ मिळत नाही. त्या कामाला स्वयंचलित फोकसचे आधुनिक भिंगच हवे.

भिंगाची पारख

कॅमेरा घेण्यापूर्वी भिंग टॉर्चच्या उजेडात आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. वऱ्हाडची हवा कोकणाहून कोरडी असली तरी पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत बंद ठेवलेले भिंग सुरक्षित नसते. उलट उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या घरात गेला की, आतील वंगण पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर उतरते आणि पाती चिकटतात. हे दोष जाणकार कारागीर बहुधा दूर करू शकतो. पण बुरशीने काच खरवडली असेल तर ती पूर्ववत होत नाही. सुपर टाकुमार ५० मिमी एफ१.४ सारख्या काही भिंगांच्या काचेत थोरियम असल्यामुळे ती कालांतराने पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यास हा पिवळेपणा बराच कमी होतो. उन्हात ठेवताना भिंगातून एकवटलेला किरण कापडावर किंवा कागदावर पडणार नाही, याची काळजी घ्यावी, कारण त्याने आग लागू शकते.