झेंडावंदनाला या!

चौथीत असताना १४ ऑगस्टला फळा सजवायचं काम माझ्याकडे आलं. रंगीत खडूनं मी लिहिलं, 'उद्या सकाळी साडेसात वाजता झेंडावंदन'. गुरुजी आले, त्यांनी शेवटचा शब्द पुसला आणि ठसठशीत अक्षरांत 'ध्वजारोहण' लिहिलं. म्हणाले, "झेंडा देवळावर असतो. राष्ट्राचा तो ध्वज." दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून निघालो, तर आजी दारातून विचारते, "झेंड्याला चाललास ना? मग दूध पिऊन जा." तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आपल्या निशाणाचं खरं नाव काय?

कागदोपत्री उत्तर सोपं आहे. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं आजचा ध्वज स्वीकारला. संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांत 'राष्ट्रध्वज' हाच शब्द आहे. २६ जानेवारी २००२ पासून ध्वजसंहिता लागू झाली. 'तिरंगा' हे वर्णन झालं, आणि चक्राचा निळा धरला तर रंग चार होतात! मराठीत पूर्वी 'तिरंगी झेंडा' म्हणत. नुसता 'तिरंगा' हिंदीच्या संगतीनं रुळला आणि २०२२च्या 'घरोघरी तिरंगा' मोहिमेनंतर तर घरचाच झाला. इंग्रजांकडेही असा वाद आहे. 'युनियन जॅक' म्हणावं ते फक्त जहाजावर, जमिनीवर तो 'युनियन फ्लॅग', असं तिथले काटेकोर लोक सांगतात. त्यांच्या नौदल खात्यानं मात्र १९०२ सालीच दोन्ही नावं चालतील असं सांगून टाकलं होतं. एवढी औपचारिकता पुरे.

गुरुजींची वाटणी, म्हणजे देवाचा झेंडा आणि राष्ट्राचा ध्वज, ही खुद्द नाशकातच टिकत नाही. इथे नुसतं 'ध्वजारोहण' म्हटलं की जुना पंचवटीकर विचारतो, "कुठलं? सिंहस्थाचं?" बारा वर्षांनी कुंभ येतो आणि रामकुंडावर ध्वज चढला की पर्व सुरू होतं. मागचा ध्वज १४ जुलै २०१५ रोजी चढला, तेव्हा आम्ही गर्दीत टाचा उंचावून उभे होतो. तिकडे वणीच्या सप्तशृंगी गडावर चैत्री यात्रेत आणि नवरात्रात दरेगावच्या गवळी पाटलांच्या घराण्यातला माणूस रात्री अवघड कड्यानं शिखरावर चढून ध्वज लावतो. त्याचं नाव 'कीर्तिध्वज'. म्हणजे देवाकडे ध्वज आहेच. मग झेंडा कोणाचा?

झेंडा माणसांचा, असं माझं मत बनत गेलं ते आनंदवल्लीच्या फेऱ्यांमध्ये. नवश्या गणपतीच्या मागे गोदावरीच्या काठावर बसलं की मला हटकून राघोबादादा आठवतात. हे गाव त्यांच्या वास्तव्याचं. १७५८ मध्ये त्यांच्या मोहिमेत मराठी फौजा लाहोर घेऊन सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या आणि भाषेला 'अटकेपार झेंडे लावणे' हा वाक्प्रचार मिळाला. आता गंमत पाहा. पेशवाईतल्या त्या मानाच्या निशाणाला 'जरीपटका' असं भारदस्त नाव होतं. तरी लोकांनी अटकेपार जरीपटका लावला नाही की ध्वजही लावला नाही. लावले ते झेंडेच, आणि तेही अनेकवचनी! आज कोणाची पोर परदेशात पहिली आली तरी आपण तेच झेंडे लावतो.

१९२३ साली नागपुरात राष्ट्रीय निशाण घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायला सरकारनं मनाई केली आणि लोक रांगेनं तुरुंगात गेले. त्या लढ्याचं नाव मराठीत 'झेंडा सत्याग्रह'च आहे. ज्या शब्दासाठी माणसं तुरुंगात गेली, तो शब्द हलका कसा? वारकऱ्याच्या खांद्यावर 'पताका', कामगारांच्या मोर्च्यात 'लाल बावटा', रेल्वेच्या गार्डाच्या हातात 'झेंडी', पाडव्याला दारात 'गुढी'. जागा बदलली की आपल्याकडे नाव बदलतं, आणि तरी कोणी गोंधळत नाही.

सगळ्यात नवल मला देवळालीच्या तोफखान्याचं वाटतं. तोफखान्यातून निवृत्त झालेले एक शेजारी एकदा म्हणाले, "पलटणींना निशान असतं. आम्हाला नाही. आमची तोफ हेच आमचं निशान." सैन्यात 'निशान' म्हणजे पलटणीचा मानाचा ध्वज. तोफखान्यात तो मान तोफेला. कापड नाही, काठी नाही, तरी निशाण आहे! त्या दिवसापासून देवळालीच्या रस्त्यावर तोफ दिसली की माझा हात आपोआप कपाळाकडे जायला बघतो.

कापडाचाही मला शौक आहे. खादी भांडारात जाऊन ध्वज हातात घेऊन पाहावा. काठीच्या बाजूला जाड पांढरी पट्टी, तिच्यातून ओवलेली दोरी, वरच्या टोकाला अडकवायची छोटी लाकडी खुंटी. आकार नऊच, टेबलावरच्या १५० बाय १०० मिलिमीटरपासून ६३०० बाय ४२०० पर्यंत. नांदेडला हे ध्वज तयार होतात. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांकही राष्ट्रध्वजाचाच. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालू लागलं. सोय झाली खरी, पण वाऱ्यावर खादीचा जो जड फडफडाट होतो तो पॉलिस्टरला येत नाही.

हल्ली जानेवारीत मोबाइलवर एक संदेश फिरतो : १५ ऑगस्टला 'ध्वजारोहण', २६ जानेवारीला 'ध्वज फडकवणे', चुकाल तर अडाणी ठराल. खालून वर चढवणं आणि वरच बांधलेला उलगडणं हा फरक आहे, मान्य. पण संहितेचा कटाक्ष आहे तो ध्वज चढवावा झपाट्यानं आणि उतरवावा सावकाश, यावर. ते पाहायला कोणाला वेळ आहे?

गुरुजींचं व्याकरण चुकलं नव्हतं. निमंत्रणपत्रिकेवर 'ध्वजारोहण' छापावं, कायद्यात 'राष्ट्रध्वज' लिहावा. पण दोरी ओढतो एकच माणूस, बहुधा प्रमुख पाहुणे. ध्वजारोहण त्यांचं. खाली ओल्या मैदानावर रांगेत उभी असलेली पोरं, गेटापाशी थबकलेला दूधवाला, कठड्याला धरून उभी आजी, यांनी केलं ते झेंडावंदन. एक शब्द दोरी धरणाऱ्याचा, दुसरा मान वर करून पाहणाऱ्या सगळ्यांचा. आमच्या सोसायटीचा फळा आता मी लिहितो. अजून कोणी पुसलेला नाही.