नाव बिनकामाचे, काम नव्हे

फाइलच्या पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षके आहेत. ती ओलांडण्यासाठी प्रोग्रॅमर स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘लेट’मध्ये ‘रीड-लाइन’ने एक ओळ वाचतो, तिला ‘हेडर’ म्हणतो आणि पुढे त्या नावाकडे वळूनही पाहत नाही. कंपायलर वॉर्निंग देतो: ‘हेडर’ कुठेच वापरलेले नाही. न वापरलेले ते पुसून टाकावे, या समजुतीने तो सगळेच पुसतो. वॉर्निंग जाते आणि शीर्षकांची ओळ पहिली नोंद म्हणून हिशेबात शिरते.

कंपायलरची तक्रार नावापुरती होती. नाव काढून ‘रीड-लाइन’ तशीच ठेवली असती, तर काहीच बिघडले नसते.

अशा न वापरलेल्या व्हेरिएबलमुळे प्रोग्रॅम मंदावतो, हाही समज पक्का आहे. प्रत्यक्षात गाइलसारख्या स्कीम कंपायलरचा ऑप्टिमायझर बिनवापराचे साधे मूल्य स्वतःच गाळतो. फाइल वाचण्यासारखे काम मात्र राखतो. वॉर्निंगचे खरे मोल चुका पकडण्यात आहे. किमतीत कर मिळवून ‘एकूण’ काढले आणि परत पाठवली मूळ किंमतच, तर ही चूक ‘एकूण’वरच्या वॉर्निंगमुळेच उघडी पडते.

स्कीमचे सगळे कंपायलर सारखेच सावध करतात, असेही नाही. १९७५ साली एमआयटीत ससमन आणि स्टील यांनी घडवलेल्या या भाषेचे प्रमाणक अशी वॉर्निंग मागतच नाही. गाइल ती मागितल्याशिवाय दाखवत नाही, आणि दाखवली तरी फंक्शनच्या पॅरामीटरांना वगळतो. एमआयटी स्कीममधला ‘एसएफ’ हा प्रोग्रॅम मात्र त्यांच्यावरही बोट ठेवतो.

पॅरामीटर वगळण्यामागे कारण आहे. गाइलमध्ये ‘हॅश-फोल्ड’ने हॅश टेबलातल्या नोंदी मोजताना दिलेल्या फंक्शनला ‘की’, ‘व्हॅल्यू’ आणि आतापर्यंतची मोजणी अशी तीन मूल्ये मिळतात. मोजायला पहिली दोन लागत नाहीत. पण ती काढली की मूल्यांची संख्या जुळत नाही आणि प्रोग्रॅम एररने थांबतो. एमआयटी स्कीममध्ये अशा वेळी ‘डिक्लेअर’मध्ये ‘इग्नोर’ लिहून हेतू सांगता येतो. तिच्या जुन्या कोडमध्ये तर फंक्शनच्या आत नुसते नाव लिहून शेजारी ‘इग्नोर’ अशी टीप दिलेली आढळते.

न वापरायच्या नावाच्या जागी अंडरस्कोअर (_) लिहिणे हा मात्र अनेक जण भाषेचाच नियम मानतात. २०१३च्या प्रमाणकानुसार मॅक्रो लिहिण्याच्या ‘सिंटॅक्स-रूल्स’च्या पॅटर्नमध्ये तो ‘काहीही चालेल’ असा अर्थ देतो. फंक्शन घडवणाऱ्या ‘लॅम्डा’मध्ये मात्र ते इतर नावांसारखेच एक नाव असते. गाइल त्या नावावर वॉर्निंग देत नाही, ही त्याची स्वतःची सोय. एकाच ‘लॅम्डा’त दोन पॅरामीटरांना नुसता अंडरस्कोअर दिला तर ती चूकच, कारण तिथे प्रत्येक नाव वेगळे लागते. म्हणून ‘हॅश-फोल्ड’मध्ये ‘की’ आणि ‘व्हॅल्यू’ या शब्दांआधी अंडरस्कोअर लावून दोन वेगळी नावे ठेवावीत.