गाडीचा आवाज आधी ऐकावा

घरातले माणूस आजारी पडले म्हणजे आपण आधी विचारतो, कोठे दुखते, केव्हापासून दुखते आणि काय केले असता वाढते. मोटार वाटेत आजारी पडली तर मात्र हे तीन प्रश्न विचारण्याचे भान फार थोड्यांना राहते. चालक बॉनेट उघडतो, प्रवासी इंजिनाभोवती गोळा होतात आणि ज्याला जे सुचेल ते तो सांगू लागतो. वस्तुतः इंजिन उत्तम चालत असूनही गाडी अडते, असे कितीतरी वेळा घडते. दोष असतो तो इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोचण्याच्या वाटेत. आज लग्नाला, यात्रेला किंवा दवाखान्याला जीप अथवा मोटार करून जाणे आपल्या खेड्यांतही नित्याचे झाले आहे. म्हणून या वाटेची थोडी ओळख प्रत्येक कुटुंबाला असावी असे आम्हांस वाटते.

इंजिनाला लागून क्लच असतो. पायाने दाबला की तो इंजिन आणि पुढील यंत्र यांची फारकत करतो, सोडला की त्यांना जोडतो. त्याच्यामागे गिअरबॉक्स. जीप, ट्रक किंवा जुनी ॲम्बॅसडर यांत तेथून एक लांब, पोकळ पोलादी दांडा मागे जातो. त्यास प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. मागच्या आसाच्या मध्यावर जो मोठा गोळा दिसतो तो डिफरेन्शियल. त्यात शक्ती काटकोनात वळून दोन्ही चाकांकडे जाते, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक फिरता येते.

आता खड्ड्यांतून जाताना मागचा आस खालीवर होतो, गिअरबॉक्स मात्र जागच्या जागी असतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना, फिरता फिरता वाकेल असा सांधा लागतो. आपले मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात, कारण त्याच्या पोटात अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा असतो. त्याच्या चारी टोकांवर लहान वाट्या आणि वाट्यांत सुयांसारखे बारीक रोलर असतात. इटलीतील गिरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) आणि इंग्लंडातील रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) या दोन विद्वानांची नावे या सांध्याशी जोडली गेली आहेत. आपल्या शेतकऱ्यांना तो अपरिचित नाही. ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर फिरवणाऱ्या शाफ्टला हाच क्रॉस असतो.

ही ओळख किती उपयोगी पडते याचा अनुभव आम्हांस २०२३ सालच्या डिसेंबरात आला. खानापूर तालुक्यातील काही कुटुंबांसमवेत एका जुन्या फोर-व्हील जीपमधून आम्ही जुन्या गोव्याच्या यात्रेस निघालो होतो. जांबोटी मागे पडल्यावर गाडीच्या पोटातून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. चालकाने ॲक्सिलरेटरवर पाय दिला की एक टक्, पाय उचलला की दुसरा. पुढे पायाखालचा पत्राही थरथरू लागला. कोणी म्हणाले डिझेलमध्ये कचरा आला, कोणी म्हणाले इंजिन गेले.

आमच्यात एक ट्रॅक्टरवाले गृहस्थ होते. त्यांनी एवढेच विचारले, “थरथर कशाबरोबर वाढते? इंजिनाबरोबर की चाकांबरोबर?” मग सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर त्यांनी चालकाला क्षणभर गाडी न्यूट्रल करावयास सांगितले. इंजिन शांत झाले, तरी गाडी धावत होती तोवर थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन आणि क्लच निर्दोष ठरले. दोष त्यांच्या मागे होता.

कणकुंबीच्या अलीकडे सपाट जागा पाहून जीप थांबवली. सर्वांना उतरवून चारी चाकांना दगड लावले. गृहस्थांनी गाडीखाली सरकून शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवला. पुढचा सांधा घट्ट होता. मागच्या सांध्याचे दोन भाग मात्र एकमेकांत खुळखुळत होते, आणि एका वाटीभोवती गंजाची तांबडी भुकटी साचली होती. वंगण संपून आतले रोलर झिजून गेले होते.

चालक म्हणाला, “फादर, पुढे सगळा उतारच आहे. उताराला इंजिनाचा जोर लागायचा नाही. हळूहळू खाली जाऊ, तिथे मिस्त्री मिळेल.”

“उताराला तर जास्तच भीती, बाबा,” ते गृहस्थ म्हणाले. “गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढून धरतं ते ह्याच सांध्यातून. हा तुटला की ती धर गेली, आणि सगळा भार ब्रेकवर आला. सुटलेला शाफ्ट फिरत फिरत ब्रेकच्या नळीवर आपटला, तर ब्रेकही गेला.”

या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. मागचा सांधा तुटला तर शाफ्टचे मोकळे टोक गाडीच्या तळावर आणि रस्त्यावर आपटत राहते. पुढचा तुटला तर ते टोक रस्त्यात रुतून गाडी उलथूही शकते. आणि समोर चोर्ला घाटाची वळणे होती.

चालकाचे मन तरीही घेत नव्हते. त्याची खरी काळजी भाडे बुडेल ही होती, आणि गरीब माणसाला ती असणे स्वाभाविक आहे. ती ओळखली एका आजीबाईंनी. “बाळा, तुझं भाडं आम्ही देणार,” त्या म्हणाल्या, “पण ह्या पोरांना ह्या गाडीतनं खाली न्यायचं नाही.” त्या एका वाक्याने वाद मिटला. तासाभराने पणजीकडे जाणारी बस आली आणि मंडळी तीतून पुढे गेली.

चालक, ते गृहस्थ आणि आम्ही जीपपाशी राहिलो. शाफ्ट परत तसाच बसावा म्हणून त्यावर आणि त्याच्या जोडावर खिळ्याने खुणा केल्या, दोन्ही टोकांचे नट सोडवले आणि तो काढून गाडीत ठेवला. मग फोर-व्हीलचा दांडा ओढला. मागच्या चाकांकडे जाणारी वाट बंद झाली होती, पुढच्या चाकांकडे जाणारी मोकळी होती. त्या दोन चाकांच्या ओढीवर रिकामी जीप संथ गतीने बेळगावला परतली. संध्याकाळी मिस्त्रीने नवा क्रॉस बसवला. त्याची किंमत जीपभर माणसांच्या एका जेवणापेक्षा अधिक नव्हती.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये ठेवूनही मागची चाके अडत नाहीत. काही जुन्या जीपगाड्यांत हातब्रेकही चाकांवर नसून शाफ्टच्या पुढच्या टोकाशी असतो. शाफ्टबरोबर त्याचीही मागच्या चाकांवरील पकड जाते. म्हणून दगड लावल्यावाचून नटाला पाना लावू नये, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधी शिरू नये.

इतर दोषही आपापल्या खुणा दाखवतात. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, चढावर जळका वास येतो, तेव्हा क्लच प्लेट घसरते आहे असे समजावे. अशा गाडीतील ओझे कमी करून, क्लचवर पाय न ठेवता हलक्या हाताने जवळच्या मिस्त्रीकडे जाता येते. क्लच दाबूनही गिअर करकरतो आणि पडत नाही, तेव्हा क्लच सुटत नाही असे जाणावे. पुष्कळ गाड्यांत क्लच तेलाच्या दाबाने चालतो. त्या डबीतील तेल प्रथम पाहावे. तेल कमी झाले असेल तर ते कोठून तरी गळत असते, म्हणून नुसते भरून स्वस्थ राहू नये. मागून घुमल्यासारखा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना तो बदलतो, तर डिफरेन्शियलमधील दाते किंवा बेअरिंग यांवर संशय घ्यावा. ते काम रस्त्यावरचे नव्हे.

१९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या लहान मोटारी आपल्याकडे रूढ झाल्या. त्यांत मागे जाणारा लांब शाफ्ट नसतो. गिअरबॉक्सपासून पुढच्या प्रत्येक चाकाकडे एक आखूड ॲक्सल जातो. त्याच्या सांध्यावर रबराची पिशवी असते. ती फाटली की आतले ग्रीस उडून जाते, माती आत शिरते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवली की ‘कट-कट’ ऐकू येते. नुसती पिशवी फाटली असता वेळीच बदलली तर सांधा वाचतो; आवाज सुरू झाल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो.

बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्यावाचून आपले वडील लांबच्या वाटेला लागत नसत. क्रॉसला ग्रीस भरण्याची सोय असेल तेथे तोच नियम आजही लागू आहे. विशेषतः पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गेलेल्या गाडीला तर अधिकच. प्रवासाला निघण्यापूर्वी पाने, बॅटरी, दोरी आणि चाकांना लावण्यास दोन लाकडी ठोकळे घेतले आहेत की नाहीत हे पाहून घ्यावे.

प्रवाशांचेही काही कर्तव्य आहे. गाडीतून नवा आवाज ऐकू आला तर संकोच न करता चालकास सांगावे. तो थांबू म्हणाला तर “मुहूर्त टळेल” म्हणून त्याच्यामागे तगादा लावू नये. आणि थांबल्याने त्याची मजुरी बुडणार असेल तर ती आपण वाटून द्यावी. कारण भाड्याच्या काळजीने हाकलेली गाडी सर्वांत धोक्याची असते.