मोटारीचे घोडे : जाहिरातींतले आणि चाकांवरचे

नवी मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे किंमत आणि पेट्रोलचा खर्च यांच्या जोडीला आणखी एक आंकडा गिऱ्हाइकापुढें येतो. हें इंजिन शंभर अश्वशक्तीचें, तें सव्वाशें अश्वशक्तीचें, असें जाहिरात सांगते आणि जास्त घोड्यांसाठीं जास्त दाम मोजले जातात. पण शंभर घोड्यांची म्हणून घेतलेली गाडी एखाद्यानें फिरत्या रोलरांवर चढवून तिच्या चाकांचा जोर मोजला, तर पंचाऐंशीच्या आसपासच घोडे भरतात. मग उरलेले पंधरा वाटेंत खर्ची पडले, कीं ते मुळांत नव्हतेच? हे दोन प्रश्न अगदीं निराळे आहेत. त्यांची गल्लत झाली कीं प्रामाणिक कारखानदारावर खोटेपणाचा आळ येतो, किंवा लबाड कारखानदार अलगद सुटतो.

अश्वशक्ति हा शब्दच मुळीं विक्रीच्या गरजेंतून जन्मास आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जेम्स वॉट आपलें वाफेचें यंत्र इंग्लंडांतील गिरणीवाल्यांना विकूं पाहत होता. हें यंत्र किती घोड्यांचें काम करील, हा त्यांचा साधा प्रश्न. वॉटनें हिशेब मांडला तो असा सांगतात : बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळांत फिरणारा घोडा तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि १८० पौंडांचा जोर लावतो असें धरलें, तर मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड काम होतें. हा आंकडा त्यानें ३३,००० असा पुरा केला. विजेच्या मापांत तो ७४६ वॅट होतो. युरोपांतील मेट्रिक अश्वशक्ति किंचित् लहान, म्हणजे ७३५.५ वॅटची आहे. भारतांतील जाहिरातींत ‘पीएस’ आणि ‘बीएचपी’ अशीं दोन मापें दिसतात तीं हींच. शंभर ‘पीएस’ म्हणजे ९८.६ ‘बीएचपी’. गिऱ्हाइकाला मोठा आंकडा दाखवावयाचा तर कोणतें माप सोयीचें, हें सांगावयास नको.

जाहिरातींतली शक्ति मोजतात ती इंजिनाच्या स्वतःच्या दांड्यावर. १८२१ च्या सुमारास गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनियरानें फिरत्या दांड्याला लांकडी चिमटा आवळून, त्याच्या टोंकाला वजन टांगून जोर मोजण्याची युक्ति काढली. चिमटा म्हणजे ब्रेकच. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ हें नांव त्यावरून पडलें. आतां चिमट्याच्या जागीं पाण्याचीं व विजेचीं यंत्रें आलीं आहेत, मोजण्याची जागा मात्र तीच आहे. परंतु गाडी चालते ती चाकांवर, आणि दांड्यापासून चाकांपर्यंतच्या वाटेवर नाक्यानाक्यावर जकात द्यावी लागते. गिअर-बॉक्समधील दांते एकमेकांवर घासतात, तेल घुसळलें जातें, मागचीं चाकें फिरविणाऱ्या गाडींत डिफरन्शियलपाशीं शक्तीला काटकोनांत वळावें लागतें, आणि शेवटीं टायरचें रबर क्षणोक्षणीं दबून पुन्हां सरळ होतांना तापतें. लांबच्या प्रवासानंतर गिअर-बॉक्सचें कवच हाताला चटका देतें. ती ऊब म्हणजेच हरवलेले घोडे. हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत ही जकात सामान्यतः दहा ते पंधरा टक्के पडते. जुन्या धर्तीच्या स्वयंचलित गिअरच्या गाडींत ती वीस टक्क्यांपर्यंतहि जाते.

येथें एक सावधगिरी हवी. चाकांवरच्या आंकड्यांत सरसकट पंधरा टक्के मिळवून इंजिनाची शक्ति काढण्याची चाल आहे. तो केवळ अदमास होय. जकातीचा कांहीं भाग वेगाबरोबर वाढतो, कांहीं भाग जोराबरोबर. इंजिन दुप्पट जोराचें केलें म्हणून नुकसान दुप्पट होतेंच असें नाहीं. टायरमध्यें हवा किती, गाडी रोलरांवर किती घट्ट बांधली, कोणत्या गिअरमध्यें मोजली, यांवरहि आंकडा हलतो. दोन ठिकाणचीं यंत्रें एकाच गाडीला निरनिराळे आंकडे देतात. एकाच यंत्रावर, एकाच दिवशीं दोन गाड्यांची तुलना करावी, हाच त्याचा खरा उपयोग.

मुळांतच नसलेल्या घोड्यांची कथा वेगळी. अमेरिकेंत १९७१ पर्यंत जाहिरातींतली शक्ति ‘ग्रॉस’ असे. पंखा, डायनॅमो, हवेची गाळणी, सायलेन्सर असा संसार बाजूला ठेवून उघडें इंजिन मोजीत. १९७२ पासून तें गाडींत बसतें तसें, सर्व साहित्यासह मोजूं लागले, म्हणजे ‘नेट’. कॅडिलॅक एल्डोराडोचें ८.२ लिटरचें इंजिन १९७१ मध्यें ३६५ घोड्यांचें होतें. पुढच्याच वर्षीं जवळजवळ तेंच इंजिन २३५ चें झालें. एकशें तीस घोडे कागदावरच जन्मले आणि कागदावरच वारले. गंमत अशी, कीं त्या काळीं उलटी लबाडीहि चाले. १९६७ च्या शेव्हरोलेट कॉर्व्हेटच्या ‘एल ८८’ इंजिनाला ४३० घोडे सांगितले होते. प्रत्यक्षांत तें पांचशेंच्या वर जाई.

गिऱ्हाइकांनीं रोलरांचा आधार घेऊन कारखान्याला जाब विचारल्याचें उत्तम उदाहरण १९९९ चें आहे. फोर्डच्या मस्टँग कोब्राला त्या वर्षीं ३२० घोडे जाहीर झाले. आदल्या वर्षीं ते ३०५ होते. मालकांनीं गाड्या रोलरांवर चढविल्या. आंकडा ३२० पेक्षां कमी येणार हें त्यांना ठाऊकच होतें. पण जकात वजा करूनहि हिशेब जमेना, आणि जुन्या कोब्राच्या पुढें नवी जाईना. गिअर-बॉक्स दोन्हीकडे घेतोच. तेव्हां तूट इंजिनांतली होती. फोर्डनें विक्री थांबविली, विकलेल्या गाड्या परत बोलावून हवा आंत घेणारी नळ्यांची जुडी, धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्या आणि नियंत्रक संगणक फुकट बदलून दिले. २००१ मध्यें माझ्दानें मियाटाचे १५५ घोडे वस्तुतः १४२ असल्याचें कबूल केलें आणि नाराज मालकांची गाडी परत विकत घेण्याची तयारी दाखविली.

अशा प्रकरणांनंतर २००५ पासून अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें साक्षीदारासमोर मोजणी करण्याची पद्धति घातली. ती कारखान्यांच्या खुषीची आहे. पहिलें इंजिन आलें तें कॉर्व्हेटचें ‘एलएस ७’. आधीं सांगितले होते ५००, भरले ५०५. भारतांत नव्या वाहनांच्या शक्तीची अधिकृत चांचणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची, १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे.

तथापि हे सारे आंकडे ठराविक दाबाच्या आणि उष्णतेच्या हवेचे असतात. चांचणीच्या दिवशीं हवा निराळी असली तर हिशेबानें दुरुस्ती करतात. रोलरवाल्याच्या चिठ्ठीवरहि बहुधा दुरुस्त केलेलाच आंकडा छापलेला असतो. रस्त्यावर अशी दुरुस्ती कोण करणार? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे, आणि तेथें हवेचा दाब सुमारें पंधरा टक्क्यांनीं कमी असतो. टर्बोचार्जर नसलेलें इंजिन तेवढीच कमी हवा ओढतें. मुंबईहून शंभर घोड्यांनिशीं निघालेली अशी गाडी पसरणीचा घाट चढून तेथें पोंचते, तेव्हां इंजिनापाशींच पंचाऐंशीच्या आसपास घोडे उरलेले असतात, आणि गिअर-बॉक्सची जकात देऊन चाकांपर्यंत येतात ते बहात्तर-त्र्याहत्तर.