डेव्हिड ससून वाचनालयाची इमारत व तिचें छप्पर

पोथ्यांचे संग्राहक कागद, शाई व अक्षरवळण यांची बारकाईनें चिकित्सा करितात; परंतु पोथी ज्या छपराखालीं राहते त्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. मुंबईंतील कोटभागांत काळ्या घोड्यापाशीं उभ्या असलेल्या डेव्हिड ससून वाचनालयाचा वृत्तान्त या दृष्टीनें ध्यानांत घेण्याजोगा आहे.

संस्थेचा उगम १८४७ सालचा. टांकसाळ व सरकारी गोदी यांतील यांत्रिकांनीं व मुकादमांनीं ती स्थापिली. पुढें बगदादहून आलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांनीं इमारतीस ६०,००० रुपये दिले; एकंदर खर्च सुमारें सव्वा लाख झाला. ससून १८६४ सालीं वारले व इमारत १८७० सालीं पुरी झाली. टॉमस वूलनर या शिल्पकारानें घडविलेला त्यांचा पुतळा आंत शिरतांच दिसतो. (ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून या भागास नांव पडलें, तोही ससूनपुत्र आल्बर्ट यांचीच देणगी, १९६५ सालीं तो तेथून हलविला.)

बांधणी पिंवळट मालाडी दगडाची व व्हेनिशियन गॉथिक धर्तीची आहे. टोकदार कमानींची दर्शनी ओवरी केवळ शोभेची नव्हे. तिच्यामुळें आंतील भिंतीवर ऊन व पावसाची झड थेट येत नाहीं, आणि वारा मात्र खेळता राहतो. वरच्या सज्जांत आरामखुर्चीवर वाचतां वाचतां डुलकी घेणारे सभासद हे या वास्तूचें जुनें भूषण होय!

मूळ छप्पर उतरतें होतें. विसाव्या शतकांत तें काढून सिमेंट-काँक्रीटची सपाट गच्ची घातली गेली. हेतु टिकाऊपणाचाच असेल. परिणाम उलट झाला. उतरणीवरून पाणी क्षणांत वाहून जातें, सपाटीवर तें साचतें व बारीक भेगांतून झिरपतें. आंतील लोखंडी सळ्या गंजल्या कीं फुगतात व काँक्रीट फोडतात. शिवाय गच्चीचा जड भार जुन्या भिंतींवर पडतो. मुंबईच्या पावसाळ्यांत अशी ओल पुस्तकांस वाळवीहून कमी घातक नाहीं, कारण दमट पानांवर बुरशी फार लवकर धरते.

वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेस ग्रंथखरेदीसाठीं देणगीदार मिळतो, छपरासाठीं क्वचितच. येथें मात्र देणग्या मिळाल्या. काँक्रीटची गच्ची उतरवून पूर्ववत् उतरतें छप्पर चढविण्यांत आलें, व जीर्णोद्धार झालेली इमारत २०२३ सालीं वाचकांस खुली झाली.